दहा बाय पंधराच्या हॉलसाठी वायरलेस म्युझिक सिस्टीम : स्पीकर आधी, वायफाय नंतर

आमच्या मुलुंडच्या घरात गाणं वाजवणाऱ्या दोन वस्तू आहेत. एक बाबांची लाकडी स्पीकरची जोडी, १९९४ साली घेतलेली. दुसरा मी २०१७ मध्ये घेतलेला वायफाय स्पीकर. बाबांची जोडी आजही रोज सकाळी वाजते. माझा स्पीकर अर्धाच वाजतो. कंपनीने त्याचं ॲप बंद केलं, फोन बदलल्यावर ते उघडेना, वायफाय गेलं आणि हातात राहिला तो ब्लूटूथचा डबा. मागे वायर लावायला भोकही नाही. आतला कर्णा अजून ठणठणीत आहे, पण त्याच्यापर्यंत गाणं पोचवायची वाटच बंद झाली.

‘म्युझिक सिस्टीम घ्यायची आहे, कुठली घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी हा किस्सा सांगतो. चांगला स्पीकर पंचवीस वर्षं सहज चालतो. वायरलेस भाग मात्र पाच-सात वर्षांत जुना होतो. साध्या स्पीकरला वायफायवरून गाणं पोचवणारी गूगलची ‘क्रोमकास्ट ऑडिओ’ ही छोटी चकती २०१५ मध्ये आली आणि २०१९ च्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलंसुद्धा. ज्यांनी ती साध्या ॲम्प्लिफायरला लावली होती, त्यांना उद्या ती बंद पडली तरी दुसरी चकती लावता येते, स्पीकर तेच राहतात. म्हणून पुढचं सगळं वाचताना एक धरून चला : स्पीकर आणि वायरलेस हे शक्यतो वेगवेगळे घ्यायचे. एकत्रच घ्यायचे असतील, तर निदान मागे ऑक्स किंवा लाइन-इन, म्हणजे वायरने आवाज द्यायची जागा, असलेलेच घ्यायचे.

दुकानात जाण्याआधी टेप काढा

मुंबईत स्पीकरची निवड जागेपासून सुरू होते. हॉल दहा बाय पंधरा फुटांचा. त्यात सोफा-कम-बेड, टीव्ही युनिट, फोल्डिंगचं जेवणाचं टेबल, आणि बाल्कनी आत घेतली असेल तर एक भिंत पूर्ण काचेची. एका रविवारी टेप घ्या, कागदावर हॉलचा नकाशा काढा आणि त्यात चार गोष्टी मांडा : तुम्ही नेहमी बसता ती जागा, विजेचे प्लग, वायफायचा राउटर आणि दोन स्पीकर बसू शकतील अशा दोन जागा. या दोन जागांमध्ये किमान पाच फुटांचं अंतर हवं. त्याहून कमी असेल तर डावा-उजवा हा फरक कानाला फारसा जाणवणार नाही. मग जोडीचा हट्ट सोडून एकच चांगला स्पीकर घेतलेला बरा.

टीव्ही युनिटच्या कप्प्यात स्पीकर घालणार असाल तर कप्पा किती आत आहे तेही मोजा. स्पीकरच्या मागे वायरी वळायला आणखी दोन इंच लागतात. हे न मोजता आणलेले स्पीकर मी दोन घरांत कप्प्याबाहेर अर्धे लोंबकळताना पाहिले आहेत.

आता हॉलच्या मध्यावर उभं राहून एक खणखणीत टाळी वाजवा. टाळी संपल्यावर मागे ‘टिंग्ग’ अशी शेपटी ऐकू आली, तर दोष फरशीचा, काचेचा आणि उघड्या भिंतींचा आहे. अशा खोलीत लाखाचा स्पीकरही चरचरीत वाजतो. सोफ्यासमोर जाड सतरंजी, काचेवर जाड कापडाचे पडदे आणि एका भिंतीला पुस्तकांनी भरलेलं कपाट एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवायचा उपाय करू नका. खर्जावर, म्हणजे खालच्या स्वरांवर, त्यांचा काहीच परिणाम होत नाही, वर आगीचा धोका.

खर्जाचं गणित मात्र समजून घ्या, कारण मुंबईच्या घरांत सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. पंधरा फूट लांबीच्या हॉलमध्ये सुमारे ३७ हर्ट्झचा स्वर दोन भिंतींमध्ये बरोबर अडकतो, तर दहा फूट रुंदीत ५६ हर्ट्झचा. हे स्वर खोली स्वतःच फुगवते. म्हणजे मोठा वूफर, खर्ज वाजवणारा कर्णा, आणलात तर संगीत वाढत नाही, खोलीचं घुमणं वाढतं. दहा बाय पंधरासाठी पाच ते सव्वापाच इंची वूफरची बुकशेल्फ, म्हणजे कप्प्यात मावणाऱ्या स्पीकरची, जोडी नेमकी बसते. साडेसहा इंचीही चालेल, जर भिंतीपासून पुढे ठेवायला जागा असेल तर. बेडरूमला चार इंची पुरे. जमिनीवर उभे राहणारे उंच टॉवर स्पीकर या आकाराच्या हॉलसाठी घेऊ नका, कितीही सवलत मिळाली तरी.

गाणं कोण लावणार?

घरातल्या माणसांची यादी करा. कोणाकडे आयफोन, कोणाकडे अँड्रॉइड, कोण कुठल्या ॲपवर ऐकतं, टीव्हीचा आवाज याच स्पीकरवरून हवा आहे का. आणि घरात फोन सगळ्यात कमी वापरणारी व्यक्ती कोण? तिला कुणाला हाक न मारता गाणं लावता आलं पाहिजे. आमच्या आईला सकाळी रेडिओ लागतो. आकाशवाणीच्या ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर विविध भारती, अस्मिता वाहिनी आणि चोवीस तास शास्त्रीय संगीत देणारी ‘रागम’ वाहिनी मिळते. पण आईने चष्मा शोधायचा, फोन उघडायचा, ॲप शोधायचं, हे रोज होत नाही. म्हणून आम्ही असा स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरचं गाणं स्पीकरला देणारा छोटा डबा, घेतला ज्याच्या रिमोटवर ठरावीक वाहिनी एका बटणावर बसवता येते. पहिल्या बटणाला मी लाल टिकली चिकटवली आहे. निवड करताना असं प्रीसेट बटण आहे का, हे आवर्जून विचारा. जाहिरातीत ते कुठे दिसत नाही.

ब्लूटूथ आणि वायफाय : फरक कुठे पडतो

ब्लूटूथमध्ये गाणं फोनमधून स्पीकरकडे जातं. म्हणून फोन आला की गाणं थांबतं, व्हॉट्सॲपचा टिंग स्पीकरवर वाजतो आणि तुम्ही फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलात की मधल्या भिंतीमुळे गाणं तुटायला लागतं. शिवाय ब्लूटूथ गाणं दाबून पाठवतं. सीडीचा दर सेकंदाला १४११ किलोबिट असतो, आणि एसबीसी हा ब्लूटूथचा मूळ कोडेक, म्हणजे गाणं दाबायची पद्धत, साधारण ३२८ पर्यंत जातो. सोनीचा एलडॅक ९९० पर्यंत पोचतो, पण तो फोन आणि स्पीकर दोघांकडे असावा लागतो आणि आयफोनमध्ये तो नाहीच. आयफोन एएसी वापरतो. म्हणजे घरात सगळ्यांकडे आयफोन असतील तर एलडॅक किंवा एपीटीएक्स अशा कोडेकच्या नावाने जास्तीचे पैसे देऊ नका.

वायफायमध्ये दोन प्रकार आहेत. गूगल कास्ट आणि स्पॉटिफाय कनेक्ट यांत तुमचा फोन फक्त रिमोटचं काम करतो. गाणं स्ट्रीमर थेट इंटरनेटवरून ओढतो. फोन बंद करा, घेऊन खाली भाजी आणायला जा, गाणं चालूच राहतं. ॲपलच्या एअरप्लेमध्ये मात्र गाणं सहसा फोनमधूनच वायफायवर जातं. तरी ब्लूटूथपेक्षा ते स्वच्छ असतं आणि एकाच वेळी दोन-तीन खोल्यांत वाजवता येतं.

इथे एक मेख आहे आणि मराठी श्रोत्यांना ती हमखास नडते. जुन्या मैफली, संगीत नाटकातली पदं, आकाशवाणीवरची जुनी ध्वनिमुद्रणं, यातलं कितीतरी आज फक्त यूट्यूबवर सापडतं. यूट्यूब म्युझिकमधून नुसत्या ऑडिओच्या स्ट्रीमरला कास्ट करता येतं, पण साध्या यूट्यूब ॲपमध्ये असा स्ट्रीमर यादीत दिसतच नाही. आयफोनवरून एअरप्लेने पाठवता येतं, अँड्रॉइडवर ब्लूटूथचा आधार घ्यावा लागतो. यावर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे टीव्ही. टीव्हीवर यूट्यूब लावायचं आणि टीव्हीचा आवाज एचडीएमआय एआरसीच्या किंवा ऑप्टिकलच्या वायरने ॲम्प्लिफायरला द्यायचा. तुमचं ऐकणं मुख्यतः यूट्यूबवर असेल, तर एआरसी किंवा ऑप्टिकल असलेलंच उपकरण घ्या. बाकी वैशिष्ट्यं त्यानंतर बघा.

खरेदीआधी डब्यावरच्या खुणा एकेक करून तपासा. एकाच कंपनीच्या लहान आणि मोठ्या मॉडेलमध्ये फरक असतो. उदाहरणार्थ, विम (WiiM) या कंपनीचा छोटा स्ट्रीमर ‘मिनी’, त्यात एअरप्ले आहे पण गूगल कास्ट नाही. ते हवं तर त्यावरचं ‘प्रो’ घ्यावं लागतं.

कोणती जुळणी घ्यायची

माझी पहिली पसंती : साधे, वायरचे, म्हणजे पॅसिव्ह स्पीकर आणि त्यांना स्ट्रीमिंग ॲम्प्लिफायर. हा एकच छोटा डबा वायफाय, ब्लूटूथ, टीव्ही आणि जुना कॅसेट डेक सगळं घेतो आणि दोन वायरींनी स्पीकरला जातो. दहा वर्षांनी डबा बदला, स्पीकर राहू द्या.

दुसरी जुळणी म्हणजे आतच ॲम्प्लिफायर असलेली पॉवर्ड जोडी आणि मागे लावलेला स्वतंत्र छोटा स्ट्रीमर. वायरींचा पसारा कमी आणि खर्चही कमी. ज्यांचं बजेट वीस-पंचवीस हजारांचं आहे त्यांना मी हेच सुचवतो. त्यातला मोठा वाटा जोडीवर घाला, स्ट्रीमरवर दहाएक हजारांच्या पुढे जाऊ नका. अगदीच ओढाताण असेल तर यंदा फक्त जोडी घ्या. अशा बहुतेक जोड्यांत ब्लूटूथ असतंच. स्ट्रीमर पुढच्या दिवाळीला.

एकच वायफाय स्पीकर भाड्याच्या घरात किंवा स्वयंपाकघरात ठीक आहे. साउंडबार टीव्हीवरच्या संवादांसाठी बरा, पण त्याचा डावा आणि उजवा कर्णा हाताएवढ्या अंतरावर असतात. सतार आणि तबला वेगवेगळ्या जागांवरून ऐकू यावेत अशी अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका.

अमेरिकेहून भाचा येताना ॲम्प्लिफायर आणणार असेल तर त्याला आधी मागच्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगा. तिथे १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर आणू दे. नुसतं १२० लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल. आणि आणलेल्या मालाला इथे कंपनीची वॉरंटी मिळेलच याची खात्री नसते.

कागदावरचे आकडे

वॅटवर भाळू नका. पीएमपीओचे हजार-दोन हजार वॅट हा नुसता छापील आकडा असतो. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे, वॅट बघा. स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते, समजा ८६ डेसिबल. याचा अर्थ साधारण एक वॅट दिला की एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज मिळतो, आणि हा मोठाच आवाज आहे. पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वॅट दुप्पट लागतात. सोफ्यावर बसून रोजचं ऐकणं एखाद्या वॅटमध्ये भागतं. ढोलकीच्या कडकडाटाला आणि तबल्याच्या थापेला क्षणभर जास्त ताकद लागते, त्यासाठी तीस ते पन्नास आरएमएस वॅट हॉलला भरपूर झाले. स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, चार ओहम असेल तर ॲम्प्लिफायरला चार ओहम चालतात का एवढं पाहून घ्या.

आता सगळ्यात कामाचा आकडा. स्पीकर खाली किती हर्ट्झपर्यंत उतरतो? पुरुष गायकाचा षड्ज, म्हणजे सा, पेटीवरच्या काळी एकचा धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झ, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या अर्ध्यावर, सुमारे ६९. गायिकेचा षड्ज काळी चार असेल तर खर्ज १०४ च्या आसपास. हातावर मावणारे ब्लूटूथ स्पीकर ६९ पर्यंत नीट उतरत नाहीत. तार वाजल्याचं कळतं, कारण वरचे सहस्वर ऐकू येतात, पण तिचा भार येत नाही. कागदावर ‘५५ ते २०,००० हर्ट्झ, अधिक-उणे ३ डेसिबल’ असं असेल तर तो स्पीकर खर्ज पेलतो. पुढचं ‘अधिक-उणे’ लिहिलेलंच नसेल तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. शास्त्रीय ऐकणाऱ्यांना ५५-६० हर्ट्झ पुरतात. त्याखाली सिनेमातले स्फोट असतात.

लॅमिंग्टन रोडला जाताना

ग्रँट रोड स्टेशनला उतरून पूर्वेला चालत गेलं की लॅमिंग्टन रोड. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. शनिवारी गर्दीत कोणी नीट ऐकवत नाही. मंगळवार-बुधवारी दुपारी जा. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. तिथल्या छोट्या खोल्यांत आधी ऐकून मग रेकॉर्ड घ्यायची सवय ज्यांना होती, त्यांना ऐकल्याशिवाय घ्यायचं नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो : नुसते रिव्ह्यू वाचून स्पीकर मागवू नका.

आपली ध्वनिमुद्रणं सोबत न्या, फोनमध्ये उतरवून. तीन पुरेत, आणि तिन्ही तुम्ही शंभर वेळा ऐकलेली हवीत. माझी तीन अशी असतात : विलंबित ख्यालाची पहिली पाच मिनिटं, ज्यात नुसता तानपुरा लागतो, एक भावगीत, ज्यात बाईचा आवाज आणि मागे फक्त संवादिनी आहे, आणि एक ढोलकीची लावणी. तानपुऱ्यावर जवारीचा झणकार आणि खर्ज दोन्ही कळतात. बाईच्या आवाजात ‘स’ आणि ‘श’ टोचतात का ते बघा, कारण घरच्या फरशीवर ते आणखी टोचणार आहेत. ढोलकीत खर्जाची बाजू गोल वाजली पाहिजे आणि चाटीचा कडक बोल तिच्यापासून सुटा ऐकू आला पाहिजे.

ऐकण्याआधी दुकानदाराला बास, ट्रेबल आणि लाउडनेस शून्यावर आणायला सांगा. मी एकदा एका दुकानात एक जोडी ऐकून हरखून गेलो, पैसे देणार एवढ्यात ॲम्प्लिफायरवर लाउडनेसचं बटण दाबलेलं दिसलं. ते काढल्यावर तीच जोडी मलूल झाली. दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच चांगला वाटतो, मग तो असो वा नसो. फोनवरचं आवाज मोजायचं फुकटचं ॲप एवढ्या कामाला पुरतं.

पक्की पावती घ्या आणि वॉरंटी कंपनीची की दुकानाची हे तिच्यावर लिहून घ्या. वायर तिथेच घ्या, सोळा गेजची, अस्सल तांब्याची. स्वस्त वायरीत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. टोक कापून बघा, आतला तंतू पांढुरका दिसला तर ठेवून द्या.

चोर बाजारात जुने स्पीकर छान मिळतात. वूफरभोवतीची कड बोटाने हलकेच दाबून बघा. फोमची कड आपल्या दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत भुगा होते, रबराची टिकते. बाबांच्या जोडीला रबर आहे, तीस वर्षं तिला काही झालेलं नाही.

घरी आणल्यावर : एकेक इंच

बाबांची जोडी कित्येक वर्षं शोकेसच्या माथ्यावर होती, छताला टेकलेली. त्यातून आवाज यायचा, सूर यायचा नाही. स्ट्रीमर आणला त्या रात्री मी दोन्ही स्पीकर खाली घेतले. टीव्ही युनिटच्या दोन टोकांना, सव्वासहा फुटांच्या अंतरावर. वरचा छोटा कर्णा, म्हणजे ट्वीटर, सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावा म्हणून खाली दोन जुन्या लाकडी फळ्या घातल्या. मग बाबांच्या आवडीचा मारवा लावला आणि त्यांना बसवलं. पाचएक मिनिटांनी ते म्हणाले, “अरे, तंबोरे दोन आहेत की रे यात!” एवढी वर्षं ते तेच ध्वनिमुद्रण ऐकत होते.

करायचं ते असं. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा त्रिकोण तिन्ही बाजूंनी साधारण सारखा ठेवा. स्पीकर किंचित आत वळवा, इतकेच की बसल्या जागेवरून त्यांची आतली बाजू दिसेनाशी व्हावी. मागची भिंत जितकी दूर तितका खर्ज मोकळा. वाऱ्याचं भोक, म्हणजे पोर्ट, मागे असेल तर भिंतीपासून निदान सहा-आठ इंच हवेत. एवढी जागा नसेल तर पुढे पोर्ट असलेले किंवा पूर्ण बंद पेटीचे स्पीकर घ्या. मागे पोर्टवाले आधीच घेतले असतील तर एक पायमोजा गुंडाळून पोर्टात बसवा. घुमणं लगेच कमी होतं. कोपऱ्यात स्पीकर ठेवू नका, दोन भिंती मिळून डग्ग्याचं पिंप करतात.

आता तानपुरा लावा आणि स्पीकर एकेक इंच पुढे-मागे सरकवा. प्रत्येक वेळी सोफ्यावर येऊन बसा. दोघं असाल तर काम लवकर होतं, एकाने सरकवायचं, दुसऱ्याने ऐकायचं. खर्ज सगळ्या खोलीभर पसरून गायकाच्या आवाजावर चढत असेल तर पुढे घ्या. अगदी पातळ झाला तर मागे. जागा सापडली की युनिटवर पेन्सिलीने बारीक खूण करा, कारण झाडलोट करताना स्पीकर हलणारच.

सोफाही हलवा. आपल्याकडे सोफा भिंतीला चिकटलेला असतो आणि भिंतीपाशीच खर्ज सगळ्यात जास्त साठतो. फूटभर पुढे घेता आला तर उत्तम, नाहीतर डोक्यामागे भिंतीवर एखादी जाड गोधडी टांगा, चरचर तरी मवाळ होते. काही स्ट्रीमरमध्ये फोनच्या माइकने खोली मोजून आवाज दुरुस्त करायची सोय असते. ती सगळ्यात शेवटी वापरा, आणि फक्त खालच्या स्वरांसाठी.

वायरी जोडताना लाल ते लाल, काळी ते काळी. एका बाजूला उलटी लागली तर खर्ज नाहीसा होतो आणि गाणाऱ्याचा आवाज मधून यायच्या ऐवजी सगळीकडे विरून जातो.

गाणं अडखळतंय?

स्पीकरला दोष देण्याआधी राउटर बघा. मुंबईच्या इमारतीत तुमच्या फोनवर शेजाऱ्यांची पंधरा-वीस वायफाय नावं दिसतात आणि ती बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या वाटेत उभी असतात. त्याच पट्ट्यात ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही. स्ट्रीमर आणि राउटर एकाच खोलीत असतील तर ५ गिगाहर्ट्झ वापरा. मध्ये काँक्रीटची भिंत असेल तर ५ ची ताकद कमी पडते. मग २.४ वरच राहा, पण चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जो सगळ्यात मोकळा तो राउटरमध्ये पक्का करा. राउटर बुटांच्या कपाटातून बाहेर काढा. आणि स्ट्रीमरला लॅन वायरची जागा असेल तर वायरच लावा, हे सगळं करायची गरजच उरत नाही. फोन आणि स्ट्रीमर एकाच नेटवर्कवर हवेत. एकीकडे ‘गेस्ट’ आणि दुसरीकडे मुख्य असेल तर ते एकमेकांना दिसत नाहीत.

रात्र आणि शेजार

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. खासगी घरातला आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. पण नियमापेक्षा खालच्या मजल्यावरच्या काकूंची झोप मोठी. त्यांना गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, स्लॅबमधून धपधप तेवढी जाते. म्हणून सबवूफर घेऊ नका, घेतलाच तर जमिनीवर थेट ठेवू नका, खाली जाड रबर किंवा दाट फोम घाला. दहानंतर ॲपमध्ये खालचे स्वर उतरवा. एकदा खाली जाऊन स्वतः त्यांच्या हॉलमध्ये बसा, वर गाणं चालू ठेवून. मी गेलो होतो. त्यानंतर आमचा आवाज कुठल्या आकड्याच्या वर न्यायचा नाही हे ठरलं, आणि काकूंची तक्रार कधी आली नाही.

पावसाळा

जून ते सप्टेंबर सिस्टीम बंद ठेवू नका. रोज तासभर वाजली तर आतली उब ओल धरू देत नाही. स्पीकर खिडकीपाशी असतील तर पावसापुरते आत घ्या. लाकडावर बुरशी दिसली तर कोरड्या कापडाने पुसा, वूफरच्या कागदाला मात्र ओलं काही लावू नका. प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवलं तर आत ओल कोंडते, सुती कापड घाला. डबा आणि आतला थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर असू द्या, दुरुस्तीला पाठवताना तो लागतो.

वरळी, माहीम, वर्सोवा अशा समुद्राजवळच्या घरांत तांब्याची टोकं खाऱ्या हवेने काळी-हिरवी पडतात आणि मग एका बाजूचा आवाज मधूनच खरखरतो. दिवाळीच्या साफसफाईत वायरी काढून टोकं बघा. काळी पडली असतील तर अर्धा इंच कापून नव्याने सोला आणि स्क्रू घट्ट करा. दरवर्षी वायर थोडी आखूड होते, म्हणून घेतानाच दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट जास्तीची घ्या.